चांदीच्या कड्याचं पेन

केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सगळं गाव त्याला धाकटाच म्हणायचं. कारण दादा होता. दादा आहे तोवर धाकट्याला मोठं व्हायची सोय नव्हती, आणि त्याची तशी काही तक्रारही नव्हती. बाजाराच्या वळणावर दोघा भावांचं पेनांचं दुकान होतं. दादा पुढे गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. धाकटा मागच्या खिडकीपाशी बाकावर बसून पेनांवर, घड्याळांवर, बक्षिसाच्या पेल्यांवर नावं घालायचा. हातात कोरणी आली की त्याला जगाचं भान उरत नसे. ते परत आणायला एकच आवाज पुरे व्हायचा. पुढून दादा म्हणायचा, "पाणी," आणि धाकटा कोरणी ठेवून उठायचा. पाण्याचा जग दादाच्या पाठीशीच असायचा, हात मागे नेला तर लागेल एवढ्या अंतरावर. पण धाकटा भाऊ घरात असताना दादाने हात कशाला मागे न्यावा?

हे दुकान धाकट्याने तरुणपणीच सोडलं आणि सगळी हयात पाण्याच्या मीटरच्या कारखान्यात काढली. तिथे पितळी चकत्यांवर आकडे ठोकायचे असत. अक्षर एकही नाही, नुसते आकडे. दुकान का सोडलं ते सांगायचंच आहे, पण आधी पेनांचं सांगितलं पाहिजे, कारण दुकान सुटलं तरी पेनांचं वेड काही सुटलं नाही.

त्याची पेनं एका पत्र्याच्या पेटीत असायची. पेटीला आतून जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचं अस्तर होतं. तो शर्ट फाटायच्या आधीच अस्तर झाला, असं त्याची बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पेनं काही फार भारीतली नव्हती. जुन्या बाजारात मिळालेली, कुणी टाकून दिलेली, कुणाच्या घराची आवराआवर होताना पदरात पडलेली. प्रत्येकाला त्याने नाव ठेवलं होतं. एक जाडजूड तपकिरी पेन सारखं गळायचं, ते 'सर्दीवालं'. एक बारीक हिरवं पेन सोनेरी निबाच्या तोऱ्यात असायचं आणि दोन ओळी लिहून बंद पडायचं, ते 'जावईबापू'. एक होतं एका डॉक्टरांचं. ते कुणीही हातात धरलं तरी अक्षर वाचता येत नसे. दर रविवारी सकाळी चहा झाला की धाकटा पेटी उघडायचा, सगळ्यांना शाई पाजायचा आणि प्रत्येकाने तीच ती ओळ लिहायचा: 'आज हवा बरी आहे.' हवा कशी का असेना.

तर झालं असं, की गावच्या ग्रंथालयाने पेनांचं प्रदर्शन ठरवलं. ज्याच्या-त्याच्याकडे जे काही असेल त्यातलं फक्त एकच पेन आणायचं, सगळ्यात आवडतं, आणि शेजारी एका पुठ्ठ्यावर ते का आवडतं ते लिहायचं. ग्रंथालयाचे चिटणीस स्वतः घरी येऊन सांगून गेले. ते दारात उभे राहून बोलले, आत बसले नाहीत. गेल्या कित्येक वर्षांत ते धाकट्याच्या घरी कधी बसले नव्हते. यावेळी निदान आले, याचंच त्याला अप्रूप वाटलं.

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. एक पेन निवडायचं म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणायचं, आणि धाकट्याला नाही म्हणायची सवय नव्हती. जेवणाच्या टेबलावर पेनं मांडली जायची, एकेक बाजूला व्हायचं, मग त्याला वाईट वाटायचं आणि ते परत रांगेत यायचं. सर्दीवाल्याने त्याला कारखान्यातल्या पहिल्या दिवसापासून साथ दिली होती. जावईबापू लिहीत नसला तरी दिसायला देखणा होता.

"मला पसंत करायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरली होती," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"तेव्हा दुसरं कुणी रांगेत नव्हतं," धाकटा म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

खरं तर कुठलं पेन जाणार हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उगाच बाकीच्यांची मर्जी राखणं चाललं होतं. पेटीत एका कोपऱ्यात, मऊ कापडात गुंडाळलेलं एक काळं पेन होतं. त्याच्या पोटावर चांदीचं रुंद कडं होतं, आणि कड्यावर मशीनने घातलेली अक्षरं होती: 'धाकट्यास, दादाकडून.' धाकटा कारखान्यातून निवृत्त झाला त्या दिवशी दादाने ते त्याच्या खिशाला लावलं होतं. कड्यावरची अक्षरं धाकट्याच्या नजरेला खुपायची. मशीनचं अक्षर ते, सगळी एका उंचीची, जीव नसलेली. शिवाय एवढ्या सुरेख पेनाच्या पोटाला हा पट्टा कशाला बांधला, असं बायको तोंडावर म्हणायची. पण धाकटा त्या कड्याला बोट लावू देत नसे. दादाने दिलंय, संपलं.

आणि नुसतं दादाने दिलं म्हणून ते लाडकं नव्हतं. त्यामागे जे होतं, त्यासाठीच त्या दुकान सोडण्याकडे यावं लागतं.

गावच्या शाळेचे हेडसर निवृत्त होणार होते. या हेडसरांनीच धाकट्याच्या बोटांना वळण लावलेलं. फळ्यावरचं त्यांचं अक्षर बघून हा मुलगा अक्षरांच्या नादी लागला. त्यांच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांनी मिळून एक काळं पेन घेतलं आणि त्यावर अक्षरं घालायला दुकानात दिलं. धाकट्याने इतकं देखणं काम आधी कधी केलं नव्हतं आणि नंतर करायला मिळालं नाही. काम झाल्यावर त्याने पेन पुसून पुढे नेलं आणि दादाच्या हातात दिलं. निदान त्याला तसं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मुलं न्यायला आली तेव्हा पेन नव्हतं. दादाने गल्ला उलटापालटा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्याकडे आलंच नाही. अरे, तू दिलंस कधी मला?"

आता असं बघा, की धाकट्याच्या डोक्यात एक आठवण होती आणि समोर दादा होता. दादा खोटं कशाला बोलेल? म्हणजे चूक आपल्या आठवणीची. बाकावर ठेवलं असेल, खिडकीतून कुणी नेलं असेल. त्याने तिथल्या तिथे स्वतःच्या आठवणीला वेडं ठरवलं आणि दादाला खरं मानलं. तो हेडसरांच्या घरी गेला आणि पेन माझ्या हातून हरवलं म्हणून माफी मागितली. हरवलं म्हणून मागितलेली माफी गावाने चोरलं म्हणून जमा करून घेतली. पेनांचं वेड होतं ना त्याला, मग आणखी पुरावा कशाला हवा? हेडसर काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुला हवं होतं तर मागायचं होतंस रे."

त्यानंतर लोक त्याच्याकडे नाव घालायला देईनात. धाकट्याने आपण होऊन दुकान सोडलं, दादाला त्रास नको म्हणून. दादा मात्र चारचौघांत ठासून सांगायचा की माझा भाऊ तसा नाही, आणि ते ऐकून धाकट्याचे डोळे भरून यायचे. पुढे हेडसर गेले. धाकटा अंत्ययात्रेत सगळ्यात मागे चालला.

म्हणून, निवृत्तीच्या दिवशी दादाने अगदी तसंच काळं पेन आणून दिलं तेव्हा धाकट्याला जे कळायचं ते कळलं. ज्या पेनापायी अब्रू गेली, हुबेहूब तसं पेन शोधून आणायचं, त्यावर आपल्या नावाचं कडं चढवायचं, याचा अर्थ एकच. तू ते घेतलं नव्हतंस हे मला माहीत आहे, असंच दादा सांगत होता. तोंडाने बोलणं दादाला जमायचं नाही, म्हणून पेनाने बोलला. तेव्हापासून धाकट्याला त्याच्यापुढे दुसरं पेन दिसेना.

पुठ्ठ्यावर काय लिहायचं तेही त्याने ठरवून टाकलं: 'माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने दिलं म्हणून.'

प्रदर्शनाच्या आधीच्या दुपारी त्याने पेन स्वच्छ करायला घेतलं. निब कोमट पाण्यात बुडवून ठेवला. कडं काळवंडलं होतं, म्हणून खडूची भुकटी घेऊन ते फडक्याने घासायला लागला. घासता घासता कडं हललं. आतला डिंक सुकून गेला असणार. एरवी त्याने हात आवरला असता, पण हललेलं कडं तसंच नेऊन चारचौघांत ठेवणं त्याच्या हाताला पटेना. काढून नीट बसवू म्हणून त्याने ते हळूहळू फिरवत खाली ओढलं.

पेनाचा बाकीचा रंग वर्षांनुवर्षांच्या हाताळण्याने विटून तपकिरीकडे झुकला होता. कड्याखालची पट्टी मात्र कुळकुळीत काळी होती, नव्यासारखी. आणि त्या पट्टीवर अक्षरं होती. 'शेवटच्या वर्गाकडून, आदरपूर्वक.'

त्याला वाचावं लागलं नाही. आईला गर्दीत आपलं मूल ओळखायला चेहरा लागत नाही, तसं झालं. 'व'चं पोट, उकाराचं वळण, शेवटी हात उचलताना मागे राहिलेली बारीक शेपटी. हे त्याने केलं होतं, त्या खिडकीपाशी बसून, आणि पुसून दादाच्या हातात दिलं होतं. हातातच दिलं होतं.

बायकोने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. मग ती येऊन उभी राहिली, तिने वाचलं, आणि तीही खाली बसली. थोड्या वेळाने तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. दादाचा तिने जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. आताच्या आता जाऊन सगळ्या गावाला दाखवा, असं ती म्हणाली.

"काय दाखवू?" धाकटा म्हणाला. "हरवलेलं पेन माझ्याच पेटीत निघालं, हे दाखवू?"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. निर्दोष असल्याचा एकमेव पुरावा हाती आला होता, आणि तो दाखवला की गुन्हा शाबीत होत होता. दादाने चुकून की ठरवून, कोण जाणे, पण पक्कं बांधून ठेवलं होतं त्याला.

दादा घरी नखं काढत बसला होता, पायाखाली वर्तमानपत्र पसरून. धाकट्याने पेन समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि कडं त्याच्या शेजारी. दादाने पेनाला हात लावला नाही.

"कडं निघालं होय," तो म्हणाला.

झालं, बाकी काही विचारायचं उरलं नाही. तरी धाकट्याने विचारलं, कारण एवढी वर्षं विचारलं नव्हतं. पेन कधी सापडलं, तर धाकटा कारखान्यात लागला त्याच आठवड्यात. गल्ल्याचा खण अडकत होता म्हणून दादाने पूर्ण बाहेर ओढला, तर मागच्या फटीत पेन पडलेलं. म्हणजे हेडसर चांगले हिंडते-फिरते होते तेव्हा. पेन आपल्या हातात दिल्याचं दादाला त्या दिवशी खरंच आठवत नव्हतं, देवाशपथ आठवत नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"ते मी मानतो," धाकटा म्हणाला. "पण सापडल्यावर?"

"सापडल्यावर काय सांगणार होतो?" दादाने नेलकटर बाजूला ठेवलं. "तू माफी मागून मोकळा झाला होतास. मी तोंड उघडलं असतं तर दुकान बसलं असतं. मी तुझ्याच बाजूने बोलत होतो ना सगळीकडे?"

"मी मोकळा झालो होतो?"

दादाने वर्तमानपत्रावरची नखं गोळा केली. मग हळू आवाजात म्हणाला की अक्षरं घासून टाकायचं त्याच्या मनात बऱ्याचदा आलं, पण त्यासाठी कुणा नाव घालणाऱ्याकडे द्यावं लागलं असतं, आणि भरवशाचा असा एकच माणूस त्याला माहीत होता. ठेवूनही घेववत नव्हतं, टाकूनही देववत नव्हतं. शेवटी ज्याच्यापायी तुला एवढं भोगावं लागलं ते तुझ्याकडेच असावं, असं वाटलं म्हणून दिलं.

हे बोलताना दादाचे डोळे ओले झाले होते, आणि धाकट्याचा हात सवयीने त्याच्या खांद्याकडे निघाला होता. तो त्याने मधेच थांबवला. राग तर होताच. पण रागापेक्षा जास्त त्याला लाज वाटत होती. इतकी वर्षं तो स्वतःलाच खोटं पाडत आला होता. घराला कुलूप लावलं की परत जाऊन बघायचा. मीटरवरचा आकडा दोनदा ठोकला की काय म्हणून रात्रभर तळमळायचा. आपल्या डोक्याचा भरवसा नाही असं तो बायकोला, मुलीला, सगळ्यांना सांगत आला होता. डोकं ठीक होतं. भरवसाच भलत्या ठिकाणी ठेवला होता.

"उद्या प्रदर्शनाला ये," तो म्हणाला. "मी हेच पेन ठेवणार आहे, कड्याशिवाय. चिटणीस असतील, ते त्या वर्गातलेच. त्यांना एवढंच सांग, की ते गल्ल्याच्या खणामागे तुला सापडलं. बाकी काही सांगू नकोस."

"येतो," दादा म्हणाला.

आणि दादा आला. इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या आधी, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसला. गावातला सगळ्यात जुना पेनविक्रेता म्हणून त्याच्या हस्ते फीतही कापून घेतली. धाकटा आपल्या टेबलामागे बसला होता. पेन त्याने पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं, अक्षरं वरच्या बाजूला. पुठ्ठा कोरा होता. सकाळपासून त्याने तीन पुठ्ठे लिहून फाडले होते, म्हणून शेवटी काही लिहिलंच नाही.

बाकीच्या टेबलांवर हसणं-खिदळणं चाललं होतं. कुणी आजोबांचं पेन आणलं होतं, कुणी परीक्षेत पहिला नंबर आणणारं. चिटणीस एकेक टेबल बघत, कौतुक करत धाकट्यापाशी आले. चष्मा वर करून त्यांनी वाचलं. मग पेन उचलून खिडकीकडे धरलं आणि पुन्हा वाचलं. हे पेन घ्यायला ज्या मुलांनी खाऊचे पैसे साठवले होते, त्यांतले ते एक होते. त्यांचा चेहरा बदलला. धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादाने हे सगळं बघितलं होतं, दोन पावलांवर तर बसला होता. तो शेजारच्या टेबलावरच्या रिकाम्या दौतीकडे निरखून बघत होता. जगात एवढी नवलाची दौत त्याने कधी पाहिली नसावी.

चिटणिसांनी पेन हलकेच खाली ठेवलं. ते वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलले.

"असू द्या. हेडसरसुद्धा शेवटी म्हणायचे, पोराला मोह पडला असेल. आज आणून ठेवलंत, यातच सगळं आलं. आम्ही मनात काही ठेवलेलं नाही."

शिवी दिली असती तर धाकट्याला सोसवली असती. ही क्षमा सोसवेना. त्याने पुन्हा एकदा दादाकडे बघितलं, पुरेसा वेळ दिला, अगदी लहानपणी लपाछपीत द्यायचा तेवढा. दादाचं डोकं दौतीवरून हललं नाही.

मग धाकट्याने शर्टाच्या खिशातून चांदीचं कडं काढलं आणि पेनाशेजारी ठेवलं. चिटणिसांनी कडं उचललं, डोळ्यांजवळ नेलं. 'धाकट्यास, दादाकडून.' त्यांनी ते वाचलं, पेनावर चढवून पाहिलं. ते अक्षरांवर बरोब्बर बसलं, विटलेल्या रंगाच्या कडेला कड मिळाली. त्यांनी ते काढलं, पुन्हा चढवलं. आणि पेन हातात तसंच धरून ते सावकाश पहिल्या रांगेकडे वळले.

"दादा," ते म्हणाले, "हे तुमच्याकडे कुठून आलं?"

आजूबाजूची दोन-तीन माणसं बोलायची थांबली. दादाने खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, घसा खाकरला. त्याची नजर भिरभिरत येऊन धाकट्यावर थांबली, दुकानात गल्ल्यावरून मागे वळून थांबायची तशीच.

"पाणी," तो म्हणाला.

धाकट्याचे तळवे टेबलावर टेकले, टाचा उचलल्या गेल्या, गुडघे कुरकुरले. पाण्याचा जग टेबलाच्या टोकाला होता, दादाने हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. चिटणीस पेन धरून उत्तराची वाट बघत उभे होते. धाकट्याने टाचा पुन्हा जमिनीला टेकवल्या आणि तो बसून राहिला.